पंचांगाचे गणित सोपे करणारे गणेश दैवज्ञ

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आज संध्याकाळी जालन्यातून दिसेल का, किती वाजता, कोणत्या दिशेला, हे आता घरचा संगणक सांगतो. आकाशाचे अवघड गणित साध्या माणसाच्या हाती देण्याचे असेच काम ५०० वर्षांपूर्वी कोकणात झाले. ते केले गणेश दैवज्ञ यांनी.

आजच्या रायगड जिल्ह्यातील समुद्रकाठचे नांदगाव हे त्यांचे गाव. जन्म १५०७ च्या सुमाराचा. वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घेत. जुन्या ग्रंथांतील गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक पडतो, हे त्यांनी पाहिले होते. मुलाने तेच काम पुढे नेले. शके १४४२, म्हणजे १५२० हे आरंभवर्ष धरून त्यांनी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. त्या वेळी ते अवघे १३ वर्षांचे होते, असे मानले जाते.

सिद्धांतग्रंथांवरून ग्रह काढायचा तर युगारंभापासूनचे दिवस मोजावे लागत, शिवाय ज्या-कोटिज्यांची किचकट आकडेमोड असे. गणेशांनी काळाची ११-११ वर्षांची चक्रे पाडली. त्यामुळे दिवसांची संख्या ४,०१६ च्या आतच राहते. ज्या-कोटिज्याही त्यांनी टाळल्या. मग गावोगावचे जोशी बेरीज, गुणाकार, भागाकार करून पंचांग करू लागले. पुढे १५४५ मध्ये त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली.

उपग्रहाचे गणितही अशाच ठरलेल्या आरंभापासून सुरू होते. अमुक क्षणी उपग्रहाची कक्षा कशी होती, हे आकडे प्रोग्रामला द्यावे लागतात. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवाही त्याची कक्षा हळूहळू खाली आणते, आणि मधूनमधून इंजिन चालवून ती पुन्हा उंचावली जाते. म्हणून काही आठवडे जुने आकडे वापरले, तर वेळ चुकते.

ग्रहलाघवाचेही तसेच झाले. तीन शतकांहून अधिक काळ त्यावरून पंचांगे होत राहिली आणि बारीक फरक साचत गेले. अखेर केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नवी कोष्टके मराठीत आणली. वेध घेऊन गणित सुधारायचे, ही गणेशांच्या घरचीच रीत होती.

रुग्णालयात गेल्या वर्षीचा साखरेचा रिपोर्ट दाखवून आजचा इन्सुलिनचा डोस विचारणारे बरेच जण येतात. त्यांनाही हेच सांगावे लागते: आधी आजची साखर तपासू, मग डोस ठरवू.