शाहू महाराज (कोल्हापूर)

राजर्षी शाहू महाराज (२६ जून १८७४, कोल्हापूर – ६ मे १९२२, मुंबई) हे कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती होते. जातिद्वेषाला त्यांनी राजाज्ञेने पायबंद घातला. १९१९ च्या आदेशांनी सार्वजनिक विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले; हे न मानणाऱ्या अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्यास बजावण्यात आले. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरविणारा देशव्यापी कायदा त्यानंतर ३६ वर्षांनी, १९५५ साली झाला. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाला शिवल्यावरून पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांना सहकाऱ्यांनी मारहाण केली, तेव्हा महाराजांनी दोषींना शिक्षा तर केलीच, पण कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथील चहा घेतला. मार्च १९२० मध्ये पेठ वडगाव ज्या तालुक्यात येते त्या आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्य परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.