नवी जात, एका क्लिकवर नाही

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही काय करता माहीत नाही, मी घोडे पाळते. म्हणजे मोबाईलवर. घोड्यांची पैदास करायचा एक ऑनलाइन गेम आहे, त्यात प्रत्येकाची आपापली पागा असते. एका जातीचा घोडा आणि दुसऱ्या जातीची घोडी निवडायची, बटण दाबायचं, थोड्या वेळात शिंगरू हजर. स्पीड, स्टॅमिना, रंग, सगळ्याचे आकडे स्क्रीनवर. चार-पाच पिढ्या नीट जुळवल्या की स्वतःची नवी जात नोंदवता येते, तिला नावही देता येतं. माझी जात एका वीकएंडमध्ये तयार झाली!

याच गेममध्ये ‘ऑर्लोव ट्रॉटर’ नावाची एक जात आहे. हा ऑर्लोव कोण म्हणून शोधायला गेले आणि समोर आला रशियाचा काउंट अलेक्सेई ऑर्लोव. सैनिक, कटवाला, आरमाराचा सेनापती. आणि या सगळ्यानंतर घोडेवाला.

अलेक्सेईचा जन्म 1737 चा. पाच भावांपैकी एक, अंगापिंडाने दांडगा, गालावर तलवारीच्या वाराचा व्रण. त्याचा भाऊ ग्रिगोरी हा कॅथरीनचा प्रियकर. कॅथरीनचा नवरा तिसरा पीटर तेव्हा झार होता. 1762 च्या उन्हाळ्यात ऑर्लोव बंधूंनी त्याला गादीवरून खाली खेचायचा बेत केला. ठरलेल्या पहाटे अलेक्सेई पीटरहॉफला पोहोचला, कॅथरीनला झोपेतून उठवलं आणि घोडागाडीत बसवून पीटर्सबर्गकडे निघाला. अंतर साधारण तीस किलोमीटर. पण शहर थोडंसं राहिलं असताना गाडीचे घोडे दमले. साम्राज्य हातात येणार की मान जाणार याचा निकाल त्या दिवशी लागायचा होता आणि घोडे पुढे सरकेनात! समोरून ग्रिगोरी दुसरी गाडी घेऊन आला म्हणून बरं. कॅथरीन त्या गाडीत बसली आणि त्याच दिवशी सम्राज्ञी झाली.

याच सकाळी अलेक्सेईच्या डोक्यात न दमणाऱ्या घोड्याची कल्पना आली, असं लिहायचा मोह होतोय. पण तसा पुरावा नाही, त्यामुळे नाही लिहीत.

पुढचा भाग काही चांगला नाही. पदच्युत पीटरला रोप्शा इथे कैदेत ठेवलं होतं, पहारा अलेक्सेईचा. थोड्याच दिवसांत पीटर मेला. आजारपणाने गेला असं सरकारने जाहीर केलं, ते फारसं कुणाला पटलं नाही. 1770 मध्ये अलेक्सेईच्या हाताखाली रशियन आरमाराने चेश्मेच्या खाडीत तुर्की आरमार जाळून टाकलं. 1775 मध्ये त्याने इटलीत, रशियाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका तरुणीला प्रेमाचं नाटक करून जहाजावर नेलं आणि तिथेच अटक करवली. ती बाई तुरुंगात क्षयाने मेली. असा हा माणूस. नंतर त्याने नोकरी सोडली आणि घोड्यांच्या मागे लागला.

कॅथरीनने त्याला व्होरोनेझ प्रांतात ख्रेनोवोये इथे प्रचंड जमीन दिली होती. गवताळ, मोकळी, घोड्यांसाठी आयती. 1776 मध्ये तिथे त्याची पागा उभी राहिली. त्याला हवा होता गाडीचा घोडा, पण रशियाच्या मापाचा. तिथली अंतरं अफाट आणि थंडी जीवघेणी. अशा रस्त्यावर चौखूर उधळणारा घोडा कामाचा नाही, थोड्याच वेळात त्याचा दम निघतो. दुडकी चाल हवी. दुडकीत घोडा पुढचा एक पाय आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय एकदम उचलतो, त्यामुळे गाडीला हिसके कमी बसतात आणि घोडा बराच वेळ टिकतो. तेव्हाचे डच घोडे दुडकीत चांगले होते, डॅनिश घोडे धिप्पाड होते, अरबी घोड्यात दम आणि चपळाई होती. हे सगळं एका घोड्यात आणायचं होतं.

त्यासाठी त्याने तुर्कांकडून स्मेतांका नावाचा अरबी घोडा घेतला. रंग सायीसारखा, म्हणून हे नाव. किंमत 60,000 रूबल सांगतात, त्या काळी हा आकडा ऐकून लोक चाट पडले. समुद्राने आणण्यात धोका होता, म्हणून पहाऱ्यासह जमिनीवरून चालवत आणला. प्रवास जवळजवळ दोन वर्षांचा. घोड्याची पाठ अरबी घोड्याच्या मानाने फारच लांब होती. त्याला बरगड्यांच्या 18 ऐवजी 19 जोड्या होत्या असंही सांगितलं जातं.

आणि एवढं करून आणलेला स्मेतांका वर्षभरही जगला नाही.

गेममध्ये असं झालं असतं तर मी ॲपच डिलीट केलं असतं. ऑर्लोवच्या हातात उरली फक्त पाच शिंगरं, चार नर आणि एक मादी. त्यातला डॅनिश घोडीला 1778 मध्ये झालेला पोल्कान त्याने निवडला. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू पैदाशीच्या वयाला यायला तीन-चार वर्षं लागतात. तेवढं थांबून पोल्कानची जोडी डच घोडीशी लावली. 1784 मध्ये बार्स जन्मला. बार्स म्हणजे हिमबिबट्या. उंच, करडा, दुडकीत पक्का. आजचे ऑर्लोव ट्रॉटर आपली वंशावळ या बार्सपर्यंत नेतात. ऑर्लोवने त्याच्या मुली-नातींची पुन्हा त्याच घराण्यात जुळवणी केली, म्हणजे चाल पुढच्या पिढ्यांत पक्की उतरेल. प्रत्येक पिढीची वंशावळ लिहून ठेवली जायची. मॉस्को नदी गोठली की बर्फावर घोडे पळवून त्यांची परीक्षा व्हायची, बघायला गर्दी लोटायची.

पैदाशीचा नर मात्र तो कुणाला विकत नसे. विकायचाच असेल तर आधी खच्ची करून. त्याचा घोडा हवा असेल तर घ्या, पण त्याची जात घरी नेता येणार नाही! (गेममधले मोठे प्लेअर हेच करतात, त्यांना आम्ही काय काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.)

हे सगळं एकट्या काउंटने केलं नाही. चारा, खरारा, रात्रीची जाग, घोडीच्या बाळंतपणाची धावपळ भूदासांनी केली. ते जमिनीसोबत मालकाच्या मालकीचे होते. त्यातल्या वासिली शिश्किनचं नाव टिकलं, कारण ऑर्लोवच्या मागे पागेचा कारभार त्याने बरीच वर्षं सांभाळला. बाकीच्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत. घोड्यांची मात्र आजोबा-पणजोबांसकट सापडतात.

1796 मध्ये कॅथरीन गेली आणि पीटरचा मुलगा पॉल गादीवर आला. त्याने बापाला सन्मानाने पुन्हा पुरायचं ठरवलं आणि त्या मिरवणुकीत पीटरचा मुकुट हातात धरून चालायची सक्ती अलेक्सेईवर केली. त्यानंतर अलेक्सेई परदेशी निघून गेला. पॉलच्या मृत्यूनंतरच तो मॉस्कोला आणि घोड्यांकडे परतला. 1808 च्या जानेवारीत तो वारला. पागा एकुलत्या एक मुलीकडे, ॲनाकडे गेली. तिचा ओढा धर्माकडे, बरीच संपत्ती तिने मठांना दिली. 1845 मध्ये ख्रेनोवोये तिने सरकारला विकलं. तिथे आजही हेच घोडे वाढतात.

ऑर्लोवच्या हयातीत, 1803 मध्ये, तिथे मुझिक नावाचं शिंगरू जन्मलं. बार्सच्या लेकाचं, म्हणजे घराणं अव्वल. टांग एवढी लांब की चालताना कापड मोजतोय असं वाटायचं, म्हणून लोकांनी त्याला खोल्स्तोमेर म्हणायला सुरुवात केली. पण रंग अबलख निघाला आणि जातीत अबलख नको होता. पुढे त्याला खच्ची केलं, त्याची वंशावळ तिथेच संपली. टॉलस्टॉयने या घोड्यावर कथा लिहिली, 1886 मध्ये छापून आली. त्यात घोडा स्वतःच आपली हकीकत सांगतो.

आमच्या गेममध्ये नको असलेल्या शिंगरासाठी ‘रिलीज’ बटण आहे. दाबलं की ते दिसेनासं होतं आणि पाच कॉइन्स मिळतात. गेल्या वर्षभरात मी ते किती वेळा दाबलं ते प्रोफाइलमध्ये दिसतं. 312.