मलबारची फुलं, सुरतेची कबर

सुरत म्हटलं की आपल्याला 1664 ची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, नाहीतर साड्या, नाहीतर हिरे. मी पडलो फुलझाडांचा वेडा, त्यामुळे मला तिथली एक कबर जास्त ओढते. कतारगाम दरवाजाजवळच्या डच कबरस्तानात घुमटाची एक भलीमोठी इमारत आहे. लोक घुमट बघतात, फोटो काढतात. पण आपल्या अंगणातल्या जास्वंदीची, तगरीची माहिती चित्रांसकट युरोपात छापून आणणारा माणूस तिथे पुरलाय, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्याचं नाव हेंड्रिक व्हान रीड. 1636 साली डच उमराव घराण्यात जन्म. विशीत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला, सैनिक म्हणून. 1663 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं त्या लढाईत तो होता, आणि 1670 पासून सात वर्षं मलबारचा प्रमुख. म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ वगैरे नव्हेच. मिरीचा व्यापार सांभाळणारा अधिकारी. त्यात त्याचा वरिष्ठ व्हान खून्स सिलोनचा कैवारी. दोघांचं कधी पटलं नाही. मलबार किती मोलाचं आहे हे दाखवायचं होतं, हेही या ग्रंथामागचं एक कारण होतं, असं अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. हेतू निर्मळ नसला म्हणून काम हलकं ठरत नाही.

ग्रंथ म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’. 12 खंड, 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले, 740 हून जास्त वनस्पती. झाड कुठे उगवतं, फुलतं कधी, कुठल्या आजारावर चालतं, सगळं त्यात. कोची जिंकल्यावर डचांनी युरोपियन कॅथलिक धर्मगुरूंना बाहेर काढलं होतं. तरी रीडनं सुरुवातीला मदत घेतली ती फादर मॅथ्यू या इटालियन कार्मेलाइटाची. लॅटिन मजकूर लिहायला कसेरियस हा डच पाद्री. आणि खरी माहिती? ती इट्टी अच्युतन या इऴवा वैद्याची, आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांची. रानात हिंडून फांद्या तोडून आणणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. ते मला खटकतं.

दुसऱ्या खंडात ‘शेट्टी’ नावानं आपला पेंटगूळ आहे, नर्सरीवाले ज्याला एक्झोरा म्हणतात तो. पुढे लिनियसनं त्याला ‘इक्सोरा’ नाव दिलं. ते आलंय ‘ईश्वर’ या शब्दावरून, कारण ही फुलं देवाला वाहतात. मलबारच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत वाढणारं हे झुडूप. सुरतेच्या काळ्या जमिनीत, बोअरच्या जड पाण्यावर लावलं की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. उधन्याला मावशीकडे आम्ही ते कुंडीत लावलं, तांबडी माती आणि भरपूर शेणखत घालून, आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी दिलं. बहर सरला की शेंडे छाटायचे, कारण फुलं नव्या फुटव्यांवर येतात. तगरीला एवढे लाड लागत नाहीत. ‘नंदि-एर्वतम’ या नावानं तीही त्याच खंडात आहे, आणि ‘शेम-परिती’ म्हणजे जास्वंदही.

रीड मायदेशी परतला, पण कंपनीनं त्याला 1684 मध्ये पुन्हा नेमलं, वखारींतली लाचलुचपत खणून काढायला. केपपासून बंगालपर्यंत हिंडला. अशा माणसाला शत्रू किती झाले असतील! कोचीहून सुरतेच्या वखारीकडे निघाला आणि 15 डिसेंबर 1691 ला मुंबईजवळ समुद्रातच गेला. सुरतेत त्याला थाटामाटानं पुरलं. शेवटचा खंड छापून निघाला तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

पहिला खंड आता इंटरनेटवर बघायला मिळतो. त्यात त्या तिघांनी 1675 मध्ये दिलेली साक्ष छापली आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. जरा नेटानं वाचलं तर अक्षरं आपल्याला लागतात.