पोस्टरवरची हसरी लिलियन

आमच्या लहानपणी सर्कस गावात यायची ती आधी भिंतीवर. एसटी स्टँडजवळ पोस्टर लागलं की आम्ही पोरी शाळेतून येताना तिथेच घुटमळायचो. जुन्या पोस्टरांचं माझं वेड तेव्हापासूनचं. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी सर्कसवाले त्यासाठी रेल्वेचा वेगळा डबाच पुढे पाठवत. शेतकऱ्यांच्या कोठारांवर पोस्टरं चिकटवायची आणि जागेच्या बदल्यात फुकट पास द्यायचे! रिंगलिंग सर्कशीच्या अशाच पोस्टरांवर एक इवलीशी, हसरी बाई झळकायची. तिचं नाव लिलियन लिट्झेल.

जन्म १८९२चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचा. आई सर्कशीतच कसरती करायची. तीही पोरवयातच आई झालेली. महिला मंडळाच्या कामात अशा कोवळ्या आया मी पाहते, त्यामुळे इथे जरा थांबलेच. लिलियन पुढे आईच्याच चमूबरोबर अमेरिकेला गेली आणि तिथे मोठ्या सर्कशीची राणी झाली. प्रवासाला स्वतःचा रेल्वेचा डबा, त्यात पियानोसुद्धा!

उंची जेमतेम पावणेपाच फूट. पण उंच टांगलेल्या दोराच्या फासात उजवं मनगट अडकवून ती सगळं अंग खांद्यावरून गर्रकन उलटं फिरवायची. एकदा नाही, कधी कधी शंभर वेळा! खाली हजारो लोक मोठ्याने मोजत असायचे. प्रत्येक फेरीला खांद्याचा सांधा निखळून पुन्हा बसायचा. दोराने मनगट सोलून निघायचं. पोस्टरवर मात्र यातलं काहीच नाही. तिथे नुसतं हसू. आपल्याकडेही कंबर धरलेली बाई पाहुण्यांसमोर हसतच चहा आणते ना, तसंच.

स्वभावाने मात्र तापट. सर्कशीतल्या लहान मुलांवर भारी जीव, पण रागावली की मोलकरणीला कामावरून काढायची आणि पुन्हा लगेच ठेवून घ्यायची.

१९२८ मध्ये तिने अल्फ्रेडो कोडोनाशी लग्न केलं. हे तिसरं. तोही झुल्यावरचा नामांकित कलाकार, हवेत तीन कोलांट्या घेणारा.

१३ फेब्रुवारी १९३१. कोपनहेगनमधल्या खेळात दोराची धातूची फिरकी तुटली आणि लिलियन खाली कोसळली. बर्लिनला खेळ करत असलेला अल्फ्रेडो धावत आला. मी बरी आहे म्हणून तिनेच त्याला परत कामावर पाठवलं. १५ तारखेला ती गेली. वय अवघं ३९. तुटली ती फिरकी, खांदा नाही, हे वाचून मला कसंतरीच झालं.

त्याने कॅलिफोर्नियात तिचं संगमरवरी स्मारक उभारलं. पंख असलेला पुरुष आणि त्याच्या मिठीत ती. पुढे त्याने पुन्हा लग्न केलं, ते मोडलं, आणि १९३७ मध्ये त्या बायकोला गोळ्या घालून त्याने स्वतःवरही गोळी झाडली. त्याला तिच्याच शेजारी पुरलं आहे. ते स्मारक मला पाहवत नाही. मी आपली पोस्टरंच पाहते.