प्रकाशाचा ध्यास घेतलेला डॉक्टर

कोपनहेगनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचे घर उत्तराभिमुख होते. घरात पुरेसे ऊन येत नसे. रक्तक्षय आणि सततचा थकवा यांनी तो ग्रासला होता. अधिक ऊन मिळाले तर आपल्याला बरे वाटेल, असे त्याच्या मनाने घेतले. या साध्या तर्कातूनच पुढे आधुनिक प्रकाशोपचाराचा पाया घातला गेला. तो तरुण म्हणजे नील्स रायबर्ग फिनसेन.

१५ डिसेंबर १८६० रोजी फॅरो बेटांवरील टोर्सहाव्हन येथे फिनसेन यांचा जन्म झाला. हिवाळ्यात जेमतेम काही तास उजेड असणाऱ्या या प्रदेशात उन्हाचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. आइसलँडमध्ये शिक्षण घेऊन ते १८८२ मध्ये कोपनहेगनला आले आणि १८९० मध्ये डॉक्टर झाले. दरम्यान, यकृत व हृदयाची आवरणे जाड होत जाणारा असाध्य विकार त्यांना जडला होता. शरीररचनाशास्त्र विभागातील नोकरी १८९३ मध्ये सोडून त्यांनी उरलेले बळ प्रकाशाच्या अभ्यासाला वाहिले.

देवीच्या रुग्णांना लाल प्रकाशात ठेवण्याची त्यांची सूचना पुढे टिकली नाही. त्वचेच्या क्षयावरील उपचाराने मात्र त्यांना कीर्ती मिळवून दिली. चेहरा विद्रूप करणाऱ्या या रोगाने पछाडलेल्या एका अभियंत्यावर त्यांनी १८९५ मध्ये उपचार सुरू केले. डेन्मार्कमधील ऊन अपुरे, म्हणून कार्बन आर्कचा प्रखर विद्युतदिवा वापरला. त्याच्या उष्णतेने कातडी भाजू नये यासाठी पाण्याने थंड ठेवलेली स्फटिकाची भिंगे योजली. रक्त किरणांना अडवते, हे ओळखून ती भिंगे त्वचेवर दाबून धरली जात. उपचार महिनोन् महिने चालत. १८९६ मध्ये कोपनहेगनमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

१९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले डॅनिश नागरिक. तोवर ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. पारितोषिकाच्या रकमेतील मोठा वाटा त्यांनी रुग्णसेवेसाठी दिला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

क्षयावर प्रतिजैविके आल्यानंतर फिनसेन यांचा दिवा मागे पडला. थकवा आणि उजेड यांविषयी त्यांना पडलेला प्रश्न मात्र मागे पडला नाही. प्रखर प्रकाशामुळे माणसाच्या शरीरातील मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे थांबते, हे १९८० मध्ये सिद्ध झाले. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्यावर प्रखर दिव्याचा उपचार १९८४ मध्ये मांडला गेला. घरातील दिव्यांचा उजेड बहुधा काहीशे लक्स असतो, तर भर उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. दिवसा बंद खोलीत आणि रात्री दिव्यांच्या झगमगाटात राहणाऱ्या शहरवासीयांच्या शरीराला दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे उमगेनासे होते. फिनसेन यांचा रोग उन्हाने बरा होणारा नव्हता. तरीही, त्या उत्तराभिमुख घरात त्यांना पडलेला प्रश्न योग्यच होता.