गणिताचे प्रोफेसर आणि ग म भ न

एम-थ्री सुटला म्हणजे आपण कुणालाही काहीही शिकवू शकतो, असा माझा समज होता. मे महिन्याच्या सुट्टीत हेदवीला घरी होतो. शेजारच्या काकू नातवाला घेऊन आल्या. पोरगा दुसरी पास. याचं वाचन तेवढं घे, म्हणाल्या. त्याने अख्खा धडा धडाधडा म्हणून दाखवला. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर गडी कौलांकडे बघायला लागला! धडा पाठ होता, अक्षरांची ओळखच नव्हती.

मग रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर वर्ग भरू लागला. वाडीतली आणखी चार पोरं आली. काना, मात्रा, वेलांटी झाली, जोडाक्षरांवर अडखळत का होईना, गाडी पुढे सरकली. पण सुट्टी संपली आणि मी होस्टेलवर परतलो. गणपतीत घरी गेलो, तर पुन्हा तेच कौलांकडे बघणं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. आपण नुसती हौस भागवली का?

त्याच दिवसांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं चरित्र वाचनात आलं. माणूस आपल्याच जिल्ह्यातला. जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गेलं. हेदवीहून मुरूड तसं लांब नाही. धोपाव्याला फेरीबोटीत बसून दाभोळला उतरायचं आणि किनाऱ्याने वर जायचं.

मुरूडला सोमण गुरुजींनी या मुलाला एक नाद लावला. गावातल्या देवळात बसून तो लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आपण वाचायचं, हे त्याचं पहिलं सार्वजनिक काम. फी नाही, पगार नाही!

१८७५ साली परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला. अंतर शंभर मैलांहून जास्त. तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आपण व्हायवात दोन उलटे प्रश्न आले तर आठवडाभर रडतो! कर्वे पुढच्या वर्षी कोल्हापूरहून तीच परीक्षा पास झाले. मुंबईत शिकवण्या करत १८८४ मध्ये गणित घेऊन बी. ए. झाले आणि १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं.

१८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि ज्या मुरूडच्या देवळात ते वाचून दाखवायचे, त्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. हे सगळं आपण शाळेत घोकलेलं असतं. पुढचं मला ठाऊक नव्हतं. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढायच्या, आणि शिकलेल्यांचं वाचन सुटू द्यायचं नाही. विद्यापीठ उभारलेला माणूस पुन्हा ग म भ न कडे वळला, त्यासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा करू लागला. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले.

वाचता वाचता माझी चूक मला सापडली. अण्णांनी एकही काम एकट्याच्या खांद्यावर ठेवलं नाही. प्रत्येक वेळी आश्रम, विद्यापीठ, मंडळ असं काहीतरी उभं केलं, म्हणजे आपण नसलो तरी काम चालू राहावं. माझा वर्ग मात्र माझ्या सुट्टीवर चालत होता. सुट्टी संपली, वर्ग संपला.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आधी पोरांना शिकवायला बसलो नाही. वाडीतल्या दहावीच्या दोन मुलींना बसवलं. पाठ झालेला धडा कसा ओळखायचा, बोट कुठे ठेवायचं, चुकलं तरी हसायचं नाही, एवढंच सांगितलं. रोज अर्धा तास, एक दिवस ही, एक दिवस ती. दर रविवारी मी फोन करतो. परवा त्या पोराने फोनवर मला न पाहिलेली गोष्ट वाचून दाखवली. सहा ओळींना दहा मिनिटं लागली. मेसची वेळ टळली, पण मी फोन ठेवला नाही.