लिव्हरच्या रिपोर्टवर ज्याचं नाव असतं, तो डॉप्लर डॉक्टर नव्हताच

लिव्हरच्या पेशंटला डॉक्टर बऱ्याचदा साध्या सोनोग्राफीसोबत 'पोर्टल डॉप्लर'ही करायला सांगतात. स्क्रीनवर लाल-निळे पट्टे दिसतात, थोड्या वेळाने रिपोर्ट हातात येतो. अनेकांना वाटतं, डॉप्लर हे मशीनच्या कंपनीचं नाव असेल.

तर नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. आणि त्याने आयुष्यात कधी सोनोग्राफी मशीन पाहिलंही नव्हतं.

ख्रिश्चन डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ चा, आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरातला. वडील पाथरवट. पण पोरगा तब्येतीने नाजूक, छिन्नी-हातोडा झेपणार नाही, म्हणून त्याला शिकवलं. व्हिएन्नात गणित आणि भौतिकशास्त्र झालं, पण पक्की नोकरी काही मिळेना. काही काळ तर सूतगिरणीत हिशेब लिहायची वेळ आली. १८३५ मध्ये वैतागून त्याने अमेरिकेला जायची तयारी केली, सामानही विकलं. ऐनवेळी प्रागमधून शिक्षकाची नोकरी चालून आली आणि तो थांबला.

प्रागमध्येच २५ मे १८४२ ला त्याने विद्वानांच्या सभेत एक निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचे रंग. मुद्दा साधा होता. लाटा सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल, तर लाटा दाटीने येऊन पोचतात. ती लांब जात असेल, तर विरळ होतात. फलाटावर उभं असताना न थांबणारी गाडी हॉर्न देत जवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो, पुढे गेली की एकदम उतरतो. तेच हे.

गंमत म्हणजे ताऱ्यांबद्दलचा त्याचा अंदाज चुकला. ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतो. पण नियम मात्र बरोबर निघाला. १८४५ मध्ये बाईस बॅलो या डच शास्त्रज्ञाने तो तपासायला थेट रेल्वेवर तुतारीवादक चढवले आणि रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेले वादक उभे केले. आवाजाचा फरक सगळ्यांना ऐकू आला.

१८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचा प्रमुख झाला. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तिथे त्याचा विद्यार्थी होता. पण सुख फार टिकलं नाही. १८५२ मध्ये पेट्झव्हाल या नामांकित गणितज्ञाने त्याच्या सिद्धांतावर जाहीर टीका केली. तोवर फुफ्फुसाच्या आजाराने त्याला पार पोखरलं होतं. हवापालटासाठी तो व्हेनिसला गेला आणि १७ मार्च १८५३ ला तिथेच वारला. वय फक्त ४९.

मग लिव्हरशी संबंध आला कुठून?

आतडी, पोट आणि प्लीहेतलं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये जातं. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं, रक्ताला वाट मिळत नाही आणि या शिरेतला दाब वाढतो. यालाच पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. रक्त मग आडवाटा शोधतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि त्या फुटल्या तर रक्ताच्या उलट्या होऊन जीवावर बेततं.

इथे डॉप्लरचा नियम कामाला येतो. मशीन आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतं. वाहत्या रक्तपेशींवर आपटून त्या परत येतात, तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते. त्यावरून रक्त कुठे आणि किती वेगाने चाललंय ते कळतं. बहुतेक मशीनवर प्रोबकडे येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं दिसतं. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी या रंगांचा संबंध नाही.

प्रवाह मंदावलेला किंवा लिव्हरपासून उलटा फिरलेला, शीर १३ मिलिमीटरपेक्षा रुंद, प्लीहा वाढलेली, पोटात पाणी, या खुणा एकत्र दिसल्या की डॉक्टर सावध होतात. मात्र ही तपासणी दाब थेट मोजत नाही. त्यासाठी शिरेतून नळी घालावी लागते, आणि अन्ननलिकेतल्या शिरा बघायला एन्डोस्कोपी लागते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाहीच, असंही होत नाही.

पण पोटावर जेल लावून, सुई न टोचता, रक्ताची दिशा कळते. डॉप्लर मात्र ताऱ्यांच्या रंगांचं कोडं सोडवायला निघाला होता.